दुसऱ्या वेळची रेघ

कार्क्लेच्या किनाऱ्यावर वादळ ओसरलं की
दांगुओले रबरी विजार चढवून कंबरभर पाण्यात उतरायची.
जाळीत शेवाळ, कुजक्या काटक्या
आणि कधीमधी
गुळाच्या खड्याएवढा तृणमणी.
मीठ कालवलेल्या पाण्यात टाकायचा:
तरंगला तर खरा, बुडला तर बाटलीची काच.

त्यातल्याच एका खड्याचा नऊ मिलिग्रॅम तुकडा
तिची मुलगी स्किर्मांते, विल्नियसच्या प्रयोगशाळेत,
टिकलीएवढ्या ॲल्युमिनियमच्या डबीत बंद करते.
तिला एवढंच विचारायचंय त्याला,
किती मुरलास?

द्रव निवताना स्फटिक झाला तर सुटला.
कण रांगेत उभे राहतात, हजेरी लागते, संपलं.
पण काहींना रांग जमत नाही.
ते दाट होतात, अजून दाट होतात,
आणि अर्ध्या वाक्यावर थिजतात.
बाहेरून दगड,
आत वाहण्याचा सगळा पसारा जसाच्या तसा.
आणि त्या पसाऱ्यात, कुणाला दिसणार नाही इतकं हळू,
बूड टेकायला जागा शोधणं चालूच.

सिद्धांत पुष्कळ आहेत.
रिमविदास सर फळ्यावर दऱ्याखोरी काढायचे,
म्हणायचे, बघ, हा इथे उतरायला निघाला होता,
मध्येच रात्र झाली.
मग ते सगळं पुसून पिंजरा काढायचे:
प्रत्येकाभोवती शेजाऱ्यांचे गज,
आणि प्रत्येक जण कुणाचा तरी गज.
एकाला कूस बदलायची तर सात-आठांनी सरकायचं,
थंडी वाढली की पन्नासांनी.
शेवटचा शब्द अजून कुणाचाच नाही, म्हणायचे,
आणि खडूचे हात कोटाला पुसायचे.

पिंजऱ्याचं तिला समजावावं लागलं नाही.
अठ्ठेचाळीसचा मे महिना, आई आठ वर्षांची,
गुरांचा डबा, पूर्वेकडे.
एकाला कूस बदलायची तर
फळीवरच्या सगळ्यांनी.

हे आईने एकदाच सांगितलं.
वीज गेली होती, बटाटे सोलून व्हायचे होते.
एकोणीस वर्षांच्या स्किर्मांतेने सहज विचारलं
आणि आई बराच वेळ नुसती सोलत राहिली.
मग एकदम आलं:
ओल्या फळ्यांचा वास,
कुणाचं तरी बाळ, ज्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं,
आणि घाईत तिच्या आईने बरोबर घेतलेली
भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली.
घड्याळ घरीच.
सोळा हिवाळे ती किल्ली उशाखाली.

मिनिटाला दहा अंश.
पडद्यावर रेघ सरळ, कंटाळवाणी,
दीडशेच्या आसपास ती अचानक उसळते.
चार कोटी वर्षं खोल खोल बसत गेलेलं
उठवायला जास्तीची ऊब लागते,
ती ऊब म्हणजे हे शिखर.
शिखराखालचं क्षेत्रफळ मोजलं की कळतं
किती खोल गेला होता.

मग निववायचा. पुन्हा तापवायचा.
तोच तुकडा, तेच नऊ मिलिग्रॅम.
या वेळी नुसती एक पायरी, मळकी.
शिखर नाही.
आता तो आज सकाळी जन्मलेला कुठलाही राळेचा गोळा आहे.
विचारणं आणि पुसणं
एकाच भट्टीत होतं.

पुढे संग्रहालयाचा माणूस ध्वनिमुद्रण करायला आला
तेव्हा आई म्हणाली:
थंडी फार होती. माणसं बरी होती.
किल्ली आलीच नाही.
स्किर्मांते दाराशी उभी होती, आठवण करून देणार होती,
चहा ठेवायला आत गेली.

संध्याकाळी फोन.
काय निघालं?
जुना आहे, आई. खूप जुना.
ते तर मी पाण्यातच सांगितलं असतं, आई म्हणते,
त्यासाठी जाळायला कशाला हवा होता?

उरलेला खडा खणात आहे.
फोन कानाशी धरून स्किर्मांते
तो लोकरी बाहीवर घासते,
वहीचा एक कपटा
उडून त्याला चिकटतो.